रूपरावांच्या चरित्राचे तीन खर्डे

शनिवारी सकाळची शाळा सुटली की वासुदेवराव गुरुजी वर्गातच लिहीत बसत. स्वातंत्र्याला दहा वर्षं होत होती. पंधरा ऑगस्टला आंजी गावच्या देशसेवकांची पुस्तिका निघायची होती.

खर्डा पहिला.

‘रूपराव बेचाळीसला दीड वर्ष तुरुंगात होते. ते आणि गोमाजी बावीस वर्षं एका घरात, एका चुलीवर राहिले. गेल्या वर्षी रूपराव वारले, ते गोमाजींच्या मांडीवर डोकं ठेवून.’

रूपरावांचे भाऊ भैय्याजी पुस्तिका समितीचे अध्यक्ष. त्यांनी कागद वाचला आणि उलटा ठेवला.

“गुरुजी, आपण भावाले देव करून राह्यलो, अन् तुमी त्याले चावडीवर आणता?”

“पण खरं आहे ते.”

“खरं घरात राहू द्या ना! देशासाठी लग्न केलं नाई, असं लिवा.”

खर्डा दुसरा.

‘रूपराव आजन्म ब्रह्मचारी. देशासाठी त्यांनी संसाराचा त्याग केला. गोमाजी नावाच्या नोकराने त्यांची अखेरपर्यंत सेवा केली.’

गोमाजीला वाचता येत नव्हतं. कुणीतरी सांगितलं, तसा तो शाळेत आला. दाराशी उभं राहूनच त्यानं गुरुजींकडून खर्डा ऐकून घेतला.

“नोकर? गुरुजी, नोकर सांजेले आपल्या घरी जाते. मी कुठी जात होतो?”

गुरुजी दौतीचं झाकण फिरवत राहिले.

“तो जेलात होता तवा माह्या चिठ्ठ्या तुमीच लिवल्या ना? ‘तुह्याबिगर चूल पेटवू वाटत नाई’, तुमच्याच हातची ओळ हाये. नोकर असं लिवते का?”

“लोक हसतील, गोमाजी.”

“बावीस वर्षं हासलेच. काई मरलो नाई आमी. एक ओळ लिवा. आमी संग राह्यलो. बस.”

“बघतो.”

बघतो म्हणजे नाही, हे दोघांनाही कळलं.

खर्डा तिसरा, वर्ध्याहून छापून आलेला.

‘नोकर’ खोडून ‘एकनिष्ठ सेवक’ केलं होतं. गुरुजींच्या हातून झालेली सुधारणा एवढीच.

पंधरा ऑगस्ट. शाळेचं पटांगण. सेवकाचा सत्कार म्हणून भैय्याजींनी गोमाजीच्या खांद्यावर शाल घातली. त्यानं ती काढली, नीट घडी केली, त्यांच्याच हातात दिली.

“हे तुमच्या गड्याले द्या, भैय्याजी. रूपराव माह्या घरचा होता.”

मागून कुणी शीळ घातली. हशा पिकला. बायकांनी पदर तोंडाला लावले. गोमाजीनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्या पटांगणात ‘होय’ म्हणू शकेल असा एकच माणूस होता, त्याच्याकडे तो वळला.

“सांगा ना, गुरुजी. तुमाले त मालूम हाये.”

हशा थांबला. सगळं गाव गुरुजींकडे बघत होतं.

वासुदेवरावांनी हातातल्या सत्काराच्या यादीत बोट पुढच्या नावावर सरकवलं.

“श्री. पुनाजी,” ते मोठ्यानं म्हणाले, “व्यासपीठावर यावं.”

टाळ्या वाजल्या. गोमाजी अजून तिथंच उभा होता.