सांडोरच्या तिठ्यावरची चंदेरी तोफ

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा काडीचाही विश्वास बसणार नाही, मित्रांनो, आणि त्याला माझा नाइलाज आहे. मी एक जुनी तोफ आहे. वसईजवळच्या सांडोर गावात, केळीच्या वाड्यांमधून येणारे तीन रस्ते जिथे मिळतात, तिथे बॅप्टिस्ट अंकलच्या कुंपणाला टेकून मी पडून असते. किती वर्षं, ते विचारू नका. मी दर वेळी वेगळा आकडा सांगते.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडच्या एका भट्टीत झाला. साचा फोडून मला बाहेर काढलं तेव्हा कारागीर म्हणे तोंडात बोट घालून उभा राहिला. मग जहाजातून मी इकडे आले आणि किल्ल्याच्या बुरुजावर जाऊन बसले. एका दुपारी समुद्रात शत्रूचं गलबत दिसलं. मला बत्ती दिली. गोळा असा सुटला की जाता जाता त्याने नंदाखाल गावातल्या एका माडाचे एकवीस नारळ उतरवले, एकालाही तडा गेला नाही. मग गलबताची डोलकाठी मोडली. कप्तानाने टोपी काढून मला सलाम केला. एवढ्या लांबून तुला ते दिसलं कसं, असं विचारणाऱ्या मुलांना मी उत्तर देत नसते.

अशा तोफेची आजची दशा ऐका. कोणीतरी माझ्या तोंडात सिमेंट कोंबलं आहे, का तर आत साप शिरतो. सापाने इतक्या वर्षांत मला कधी त्रास दिला नाही, माणसांनी मात्र एक दिवस सोडला नाही. पलीकडच्या वाडीच्या आनंदीबाई माझ्यावर गोधड्या वाळत घालतात, भाजीच्या पाट्या टेकवतात आणि पाट्या निघाल्या की स्वतः टेकतात.

पण माझा खरा छळ केला तो मला जीव लावणाऱ्याने. देवळाचा, म्हणजे इथल्या चर्चचा, सण जवळ आला, की मिरवणूक याच रस्त्याने जाते म्हणून बॅप्टिस्ट अंकल मला रंग देतात. त्यांचे वडील द्यायचे, म्हणून तेही देतात. घराच्या ग्रिलला लावून उरलेला चंदेरी ऑइलपेंट, ब्रश भरभरून. जुना रंग खरवडायचा नाही, गंज पुसायचा नाही, थेट वरून नवा थर. मित्रांनो, अशा रंगाच्या फटीत पाणी शिरतं आणि तिथेच मुरतं. वरून मी नवरीसारखी चकाकते आणि आतून गंज मला खातो. हे ओरडून सांगावं तर तोंडात सिमेंट.

तशात गटाराचं काम निघालं. ठेकेदाराचा माणूस येऊन माझ्यावर खडूने फुली मारून गेला. सोमवारी जेसीबी येणार आणि वाटेतलं लोखंड भंगारात जाणार, असं त्याने सांगितलं. आनंदीबाई म्हणाल्या, अरे ही तोफ आहे. तो म्हणाला, आजी, हा पाण्याचा जुना पाइप आहे, तोंड बंद केलेला दिसत नाही का? तुम्हीच सांगा, यावर संतापायचं नाही तर काय करायचं? अखेर त्याने एवढं कबूल केलं की जुन्या तोफांच्या यादीत हिचं नाव दाखवा, मग गटार दोन हात वळवून नेतो.

ती यादी करत होती जोआना. माणिकपूरला विम्याच्या ऑफिसात नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी स्कूटर काढून गावोगाव उघड्यावर पडलेल्या तोफा शोधत फिरायची. कुठे शाळेच्या दारात, कुठे विहिरीच्या काठावर, कुठे होडी बांधायला उलट्या पुरलेल्या, अशा तिला बऱ्याच सापडल्या होत्या. मी मात्र सापडत नव्हते. पहिल्यांदा आली तेव्हा तिला कोणीतरी भलत्याच आळीत पाठवलं आणि तिथे तिने अर्धा तास रस्त्याचा रोलर मोजला. दुसऱ्यांदा आली तेव्हा दमून आनंदीबाईंच्या गोधडीवर बसली, त्यांनी दिलेली सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, खाल्ली आणि विचारलं, "इथे कुठे तोफ आहे का हो?" मित्रांनो, ती माझ्यावर बसली होती. आनंदीबाईंना ऐकू कमी येतं, त्यांनी तिला आणखी दोन सुकेळी दिली.

तिसऱ्यांदा ती आली रविवारी, जेसीबी यायच्या आदल्या दिवशी. या खेपेला गोधडी नव्हती, कारण शनिवारीच अंकलनी मला रंगवलं होतं आणि रंग ओला होता. जोआनाने मला पुढून पाहिलं, मागून पाहिलं, टेप लावली. मग म्हणाली की घाट तोफेचा वाटतो, पण या रंगाखाली काहीच कळत नाही. चंदेरी पाइपांनी तिला याआधी तीनदा फसवलं होतं. माझ्या दोन्ही अंगांना जे बुटके खुंटे आहेत, त्यांच्या तोंडावर ओतीव अक्षर किंवा आकडा मिळाला तरच ती यादीत नाव घालणार होती. त्यासाठी रंग काढावा लागणार होता.

"रंगाला हात लावायचा नाही, बाय," अंकल फाटकातून म्हणाले. "आठ दिवसांवर सण आलाय. कालच दोन हात मारलेत."

जोआनाने त्यांना खूप समजावलं. अंकल आपल्या वडिलांची आठवण सांगत राहिले, रंगाच्या डब्याचं झाकण लावत राहिले. मी तिथे पडल्या पडल्या दोघांवर चरफडत होते. उद्या मला उचलून नेणार आणि हा माणूस माझ्या चकाकीची काळजी करतोय! शेवटी आनंदीबाईंनीच तोंड उघडलं.

"बॅप्टिस्टभाऊ, उद्या ते पाइप म्हणून घेऊन जातील. मग मिरवणुकीला काय खड्डा रंगवणार?"

"पाइप?" अंकल फाटकातून बाहेर आले. "पाइप कोण म्हणालं?"

आनंदीबाईंनी खडूची फुली दाखवली. ती अंकलनी शनिवारी स्वतःच्याच हाताने अर्धीअधिक रंगवून टाकली होती, काय आहे ते न बघता. अंकल तडक घरात गेले आणि टर्पेंटाइनची बाटली घेऊन आले. खरवडायला पत्र्याचा तुकडाही आणला होता, पण जोआनाने तो बाजूला ठेवायला लावला. लोखंडाने लोखंड खरवडलं तर आकडाही जातो, असं तिचं म्हणणं. मग आनंदीबाईंनी नारळाच्या करवंट्या दिल्या आणि तिघं माझ्याभोवती उकिडवी बसली.

चंदेरी गेला, निळा आला. निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली पांढरा. अंकलच्या घराच्या खिडक्या ज्या ज्या रंगाच्या होत्या, ते सगळे माझ्या अंगावरून सोलून निघाले. एका पिवळ्या थरापाशी अंकल थांबले. तो त्यांच्या वडिलांचा शेवटचा हात होता. जोआनाही थांबली. मग अंकलनीच करवंटी उचलली.

दुपार कलायला आली तेव्हा डाव्या खुंट्यावर एक अक्षर आणि दोन आकडे उघडे पडले. जोआनाने फोटो काढले, तिथल्या तिथे मोबाइलवर यादीत नाव घातलं आणि ती यादी ठेकेदाराला पाठवली. त्याचा फोन आला. गटार वळवतो म्हणाला. पुढे मला तेलाचा पातळ हात द्यायचा, रंग नाही, हे जोआनाने अंकलकडून तीनदा वदवून घेतलं. मित्रांनो, तुमच्या गावातही माझी एखादी बहीण पडलेली असेल, तर तिच्यासाठी एवढंच करा. सजवू नका, कोरडी ठेवा.

आता अंकलना जोर चढला. ते म्हणाले, नुसते आकडे काय लिहितेस, हिचा पराक्रम लिही. आणि वडिलांकडून ऐकलेलं सगळं नारळांसकट सांगू लागले, कप्तानाच्या टोपीपर्यंत. मी अंगभर फुगले. जोआना ऐकत ऐकत माझ्या मागच्या टोकाकडे गेली, तिथे अंगठा फिरवला, मग करवंटीने थोडं आणखी खरवडलं आणि खाली वाकून पाहिलं.

"अंकल, यादीतलं नाव राहील, ते कोणी काढणार नाही," ती म्हणाली. "पण हे मला लिहिता येणार नाही. दारूला बत्ती द्यायला इथे भोक लागतं. इथे नुसती खूण केलीय, भोक पाडलेलंच नाही. ही तोफ जन्मात एकदाही उडालेली नाही."