मदनमहलच्या गोष्टी डॉट इन

मी एक जुने नाव आहे, मित्रांनो. हात नाहीत, पाय नाहीत, नुसते इंटरनेटवरचे नाव. तेही केवढे लांबलचक! मला टाइप करता करता माणूस कंटाळतो, हे मलाही कळते.

२००९ साली जबलपूरच्या मदनमहल भागात राहणारे मुरलीधरजी कारखान्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी मला नोंदवले. एकच नाव दोघांना जाऊ नये म्हणून अशा नावांची एक मोठी नोंदवही असते. दरवर्षी मुदत वाढवली तरच नाव आपले राहते. माझे काम एवढेच, की कुणी हाक मारली तर मुरलीधरजींच्या गोष्टी ज्या दूरच्या यंत्रात ठेवल्या आहेत, त्याचा आकडी पत्ता सांगायचा.

गोष्टी त्यांच्याच आवाजात होत्या. प्रत्येक गोष्टीच्या आधी ते बायकोला म्हणत, "शैलजा, जरा पंखा बंद कर, आवाज येऊन राहिला." तेही त्यात भरले जाई.

सुरुवातीला दिवसाला शंभर हाका येत. मग गोष्टी ऐकणारी इथली मराठी मुले मोठी झाली, हिंदीत रमली. शेवटी एकच हाक उरली, संध्याकाळी सहाची. मुरलीधरजी वारल्यावर शैलजाताई रोज एक गोष्ट ऐकत आणि ते म्हणाले की खरोखर उठून पंखा बंद करत.

अशात माझी मुदत संपली. स्मरणपत्रे मुरलीधरजींच्या ईमेलवर जात राहिली आणि पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला होता. गोष्टी जागच्या जागी होत्या, पण वाट सांगणारे मीच मुके झाले. सहाची हाक आली. दुसऱ्या दिवशीही आली. हाक ऐकू यावी आणि ओ देता येऊ नये, याहून मोठे एकटेपण ते कोणते?

लेक विनीताने नोंदणी कंपनीला फोन लावला. "भैया, बाबा तो अब नहीं हैं." उत्तर मिळाले, पंधरा दिवसांत मृत्यूचा दाखला आणि वारसाचा अर्ज पाठवा. नाहीतर नाव मोकळे होईल, जो आधी मागेल त्याचे.

दाखला शैलजाताईंच्या पेटीत, साड्यांखाली होता. गॅसवाल्यांनी मागितला तरी त्यांनी दिला नव्हता.

"काहून मागून राहिली तो?"

"आई, त्याच्याशिवाय बाबांचा आवाज परत येणार नाही."

"ते गेले असं लिहून द्यायचं, अन् त्यांचा आवाज आणायचा? असं कुठं असते?"

विनीताने वारसाचा अर्ज भरून पेटीवर ठेवला. दहा दिवस तो तिथेच पडून राहिला. मी दिवस मोजत होते आणि सरळ सांगते, मला भीती वाटत होती.

अकराव्या दिवशी शैलजाताईंनी चष्मा लावून दाखला पहिल्यांदाच पुरता वाचला. "ह्यांच्या वडलांचं नाव बरोबर लिहिलं आहे," एवढेच म्हणाल्या आणि विनीताच्या हातात दिला.

आता नोंदवहीत शैलजाताईंचे नाव आहे आणि स्मरणपत्रे विनीताकडे येतात. मित्रांनो, तुम्हीही कधी नाव घेतले तर त्याची किल्ली घरात आणखी कुणाला तरी सांगून ठेवा. आणि जुन्या नावांना अधूनमधून हाक मारत जा.

काल सहा वाजता हाक आली. मी पत्ता सांगितला.

"शैलजा, जरा पंखा बंद कर..."

"केव्हाचाच बंद करून बसली मी," शैलजाताई म्हणाल्या.