सरळ फळी

प्राध्यापकांनी फळी ठोकली, हातांवरची धूळ झटकली आणि बायकोला हाक मारली. "अगं, बघ. याहून सरळ फळी मिळायची नाही."

बायको काच फुंकून रंगीत गोळे करायची. तासाभरात एक दुकानदारबाई ते बघायला येणार होत्या. पसंत पडले तर त्यांच्या दुकानाची दर्शनी खिडकी हिची. नाही पडले तर भट्टी मोडीत काढायची, असं हिने मनाशी ठरवलं होतं. गोळे मांडायची फळी लावणाऱ्या सुताराने ऐनवेळी दगा दिला. घरात भूमितीचा एवढा मोठा पंडित असताना सुतार हवाच कशाला, असं खुद्द पंडितांचंच म्हणणं पडलं.

तिने पहिला गोळा फळीवर ठेवला. तो रमतगमत उजवीकडे निघाला. टोकाशी तिने कसाबसा झेलला.

"अहो, ही वाकडी आहे."

"वाकडी?" प्राध्यापक दुखावले. खिशातला दोरा काढून त्यांनी फळीच्या कडेला ताणून धरला. "दाखव, कुठे फट दिसते? दोन बिंदूंमधलं सर्वांत कमी अंतर, म्हणजे सरळ. तुझा गोळासुद्धा सरळच गेला."

"खालीही सरळच गेला असता. पाणसळ लावून पातळी बघितली होतीत?"

"रेषा तिरकी असली तरी सरळच असते. जमीन कुठे आहे, याच्याशी भूमितीला कर्तव्य नाही."

"गोळ्यांना आहे."

"मग तो गोळ्यांचा दोष."

इतक्या वर्षांच्या संसारात दोष कधी भूमितीचा निघाला नव्हता. आज कुठून निघणार! ती हातोडी आणायला वळली, तोच दारावरची घंटा वाजली. तिने भराभर गोळे मांडले आणि नवऱ्याचा तळवा उजव्या टोकाशी आडवा लावला. "हलू नका."

दुकानदारबाईंना घाई नव्हती. एकेक गोळा उचलायचा, उजेडात फिरवायचा, परत ठेवायचा. दर वेळी उरलेले गोळे किणकिणत तळव्यावर येऊन रेलायचे.

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

"आमचे हे. गणित शिकवतात."

बाईंनी समजूतदारपणे मान हलवली. शेवटचा निळा गोळा ठेवून त्या म्हणाल्या, "खिडकी तुमची. फळी मात्र आमचा सुतार लावेल. आता रंगांचं बोलूया?"

दोघी निवांत खुर्च्यांवर बसल्या. प्राध्यापक फळीला तळवा लावून तसेच उभे होते.

"अगं, अजून किती वेळ?"

"रेषेला शेवट नसतो, असं तुम्हीच शिकवता ना? धरा."