लेन-देनचं पान

राइट टाउनमधल्या एका साडीच्या दुकानाची वेबसाइट अनुपम सांभाळायचा. आधी त्यानं साड्या कापडाप्रमाणं लावल्या होत्या: सुती, रेशमी, जॉर्जेट. पान देखणं होतं. गिऱ्हाइकं यायची, कौतुकानं बघायची आणि काही न घेता निघून जायची. मग एक दिवस तो दुकानाच्या गादीवर बसून नुसतं ऐकत राहिला. आलेल्या प्रत्येक बाईला पहिला प्रश्न एकच होता, "दीदी, पहनने की दिखाएँ या लेन-देन की?" कापडाचं नाव कुणी काढत नव्हतं. त्यानं त्याच दिवशी 'लेन-देन' नावाची कॅटेगरी उघडली. लग्नामुंजीत द्यायच्या स्वस्तातल्या साड्या तिथं गेल्या आणि पाटन-शहपुऱ्यासारख्या आसपासच्या गावांहूनसुद्धा ऑर्डरी येऊ लागल्या. मालकानं पाठ थोपटली. आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलाय, हे अनुपमला तेव्हा कळलं नाही.

त्याचं लग्न ठरायच्या बेतात होतं. मेघना त्याला इतकी आवडली होती, की नकार आला तर काय, हा विचार तो करतच नव्हता. तिची आई जयाकाकू घर बघून गेल्या होत्या, आणि होकार यायचा होता. निघताना अनुपमच्या आईनं, नंदाताईंनी, त्यांची ओटी भरून मोरपंखी साडी दिली होती. त्याच दुकानातली.

आणि मग मेघनाचा फोन आला.

"आई तुमची वेबसाइट बघून राहिली. उद्या मामांना दाखवते म्हणे."

"अच्छा," अनुपम म्हणाला. मोरपंखी साडी लेन-देनच्या पहिल्याच ओळीत होती. सगळ्यात जास्त खपते म्हणून त्यानंच ती तिथं ठेवली होती.

त्यानं घाईघाईनं 'खास' नावाची कॅटेगरी उघडली, त्यात ती एकच साडी ठेवली आणि किंमत तिप्पट केली. मालकाला विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत त्या किमतीला दोन साड्या गेल्यासुद्धा, पण त्याचं सुख घ्यायला त्याला सवड नव्हती.

होकार काही येईना. शेवटी मेघनाच बोलली.

"आई विचारून राहिली, पहिल्याच भेटीत इतकी महागाची साडी काहून दिली? मुलात काही खोट तर नाही? मामा तुमची चौकशी करून राहिले."

अनुपमनं घरी जाऊन आईला सगळं सांगून टाकलं. नंदाताई मेथी निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुला काय वाटलं, तिला कळली नव्हती? पदराला हात लावला न् लगेच कळली तिला. खूश झाली होती बिचारी."

"लेन-देनच्या साडीनं?"

"अरे, खास साडी साहेबाच्या बायकोला देतात. लेन-देनची नात्यातल्या बाईला. जिच्याशी जन्मभर देणंघेणं करायचं, तिला पहिल्याच दिवशी काहून घाबरवायचं? मी तिला घरची केली, तू परकी करून ठेवली."

अनुपमला स्वतःची भयंकर लाज वाटली. बायका साड्या कशा निवडतात हे कळण्याचा तर त्याला पगार मिळत होता. त्यानं 'खास' बंद केली, त्या दोन गिऱ्हाइकांना जादाचे पैसे परत पाठवले, आणि मोरपंखी साडी जुन्या भावात जुन्या जागी नेऊन ठेवली. मेघनाला त्यानं खरं काय ते सांगितलं. ती बराच वेळ हसली आणि म्हणाली, "आईला मी सांगते."

दुसऱ्या दिवशी दुपारी एक ऑर्डर आली. लेन-देनमधली जांभळी साडी, मागवणाऱ्या जयाकाकू. कुठं पाठवायची ते त्यानं वाचलं, आणि पुन्हा वाचलं. पत्ता त्याच्याच घराचा होता. नाव नंदाताईंचं.

त्यानं आईला फोन लावला.

"आई, जयाकाकूंनी तुला साडी पाठवली."

नंदाताईंनी जपून विचारलं, "कोणती रे? खास तर नाही ना?"

"नाही. लेन-देनची."

"चलो, बरं झालं," त्या म्हणाल्या. "येताना पेढे घेऊन ये."