फिट नव्हतीच ती

नूतनला फिट येते हे डहाणूत तिच्या ओळखीच्या सगळ्यांना माहीत होतं. तलासरीजवळच्या ज्या पाड्यावरच्या शाळेत ती शिकवायची, तिथल्या पालकांनाही माहीत होतं. त्यामुळे तिला कोणी विहिरीच्या काठावर उभं राहू द्यायचं नाही. बसमध्ये खिडकीची जागा मिळायची. स्कूटी शिकायचा विषय निघाला की धाकटा भाऊ दौलत म्हणायचा, "ताई, मी सोडतो ना स्टँडवर." समुद्र घरापासून दहा मिनिटांवर, पण पाण्यात घोट्यापुढे ती कधी गेली नव्हती.

पहिल्यांदा ती पडली तेव्हा एकवीस वर्षांची होती. घोलवडच्या धनेशशी तिचा साखरपुडा झालेला होता आणि त्याच्याकडे पहिल्यांदाच सगळे जेवायला गेले होते. जेवणं झाल्यावर धनेश तिला चिकूची बाग दाखवायला घेऊन गेला. विहिरीपर्यंत कोण आधी पोचतं बघू, असं तीच म्हणाली आणि पळत सुटली. विहिरीपाशी पोचता पोचता छातीत एकदम धडधडायला लागलं, डोळ्यांपुढे अंधार आला. पुढचं तिला आठवत नव्हतं. शुद्धीवर आली तेव्हा ती ओटीवर होती, नाकापाशी कोणीतरी कांदा धरला होता, आणि धनेशची आत्या सांगत होती, "हातपाय झटकत होती. फिटच आहे ही."

आठ दिवसांत लग्न मोडल्याचा निरोप आला. वडिलांनी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सगळी हकिगत ऐकली आणि गोळी लिहून दिली. ती गोळी नूतन तेवीस वर्षं रोज घेत होती. वर्षातून दोन-तीनदा तरीही पडत होती. पुढे दोन स्थळं आली, चौकशी करून परत गेली. मग वडील वारले, आणि तिच्या लग्नाचं बोलणंही घरात थांबलं.

धनेशचं लग्न झाल्याचं तिला कळलं होतं. त्याच्याबद्दल ती कोणाशी बोलत नसे. पण घोलवडचा चिकू घरी आला की ती फोड तोंडात टाकायच्या आधी थोडी थांबायची. हे तिच्या आईला, हिरकणीबाईंना, माहीत होतं आणि त्या तिकडे बघायच्या नाहीत.

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये शाळेत तांदळाची गोणी आली. शाळेत खिचडी शिजवणारी जानी आणि नूतन, दोघींनी मिळून ती आत ओढली. गोणी भिंतीला लावली आणि नूतन खाली बसली ती आडवीच झाली. अर्ध्या मिनिटात डोळे उघडले. जानी तिच्या उशाशी बसून होती.

"पोरं जेवली का?" नूतनने विचारलं.

"बाई, ही फिट नाय," जानी म्हणाली.

"असं काय म्हणता मावशी?"

"माझ्या भावाला फिट यायची. मी लहानपणापासून बघितलीय. तो उठला की तासभर कोणाला ओळखायचा नाय. तुम्ही उठता नि लगेच पोरांचं विचारता. आणि पडायच्या आधी तुमच्या गळ्याची शीर बघा कशी उडते. आता पण उडते. हात लावून बघा."

नूतनने गळ्याला बोटं लावली. बोटांखाली शीर इतक्या जोरात पळत होती की ठोके मोजता येईनात. आजवर पडताना ती घाबरलेली असायची, आणि घाबरल्यावर छाती धडधडणारच, असंच तिला वाटत आलं होतं.

जानीने मुख्याध्यापकांना विचारायचीही वाट पाहिली नाही. पाड्यावरचा लडक्या नावाचा रिक्षावाला जात होता, त्याला थांबवलं, नूतनला आत बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. तलासरीच्या दवाखान्यात डॉक्टर मनिष नावाचे तरुण डॉक्टर होते. त्यांनी नाडी धरली आणि घड्याळाकडे पाहिलं. नर्सला म्हणाले, "आधी ईसीजी. ही धडधड थांबायच्या आत."

कागद सरसर बाहेर आला. मिनिटाला दोनशे दहा. डॉक्टरांनी तिला श्वास कोंडून पोटातून जोर द्यायला सांगितलं. दोनदा काही झालं नाही. तिसऱ्यांदा छातीत एक धक्का बसल्यासारखं झालं आणि सगळं शांत झालं. डॉक्टरांनी दुसरा ईसीजी काढला, दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघत राहिले.

"मॅडम, पूर्वी कधी ईसीजी काढला होता?"

"नाही. डोक्याचा काढला होता एकदा. त्यात काही निघालं नव्हतं."

"तुमच्या हृदयात ठोक्याचा संदेश जायला एक वाट जास्तीची आहे. जन्मापासून असते ही. एरवी काही होत नाही, पण कधी कधी संदेश त्या वाटेने उलटा फिरतो आणि गोल गोल फिरतच राहतो. हृदय इतकं जोरात पळतं की मेंदूला रक्त पुरत नाही. माणूस पडतो. पडल्यावर हातपाय झटकलेही जातात. लांबून बघणाऱ्याला ती फिटच वाटते."

नूतनने मागे वळून पाहिलं. जानी दारात उभी होती.

"आता हृदयाच्या डॉक्टरांकडे जावं लागेल," डॉक्टर मनिष म्हणाले. "पण कुठल्याही नाही. तुमच्या डहाणूकडे चिकूच्या बागा आहेत ना? झाडांना पाणी येत नाही तेव्हा कधी पाइप तुंबलेला असतो, कधी मोटरचा स्टार्टर बिघडलेला असतो. बहुतेक हृदयाचे डॉक्टर पाइप बघतात. तुम्हाला स्टार्टर बघणारे पाहिजेत." त्यांनी एका कागदावर शब्द लिहून दिला: इलेक्ट्रोफिजिओलॉजिस्ट. "गोळी मात्र मनाने बंद करू नका. ती मेंदूच्या डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची."

तो शब्द नूतनने बसमध्ये चार वेळा वाचला, तेव्हा कुठे जिभेवर बसला. पुढचे दहा दिवस ती मधल्या सुट्टीत दवाखान्यांना फोन करत होती. एका ठिकाणी म्हणाले, आधी अँजिओग्राफी करून घ्या. दुसरीकडे टेलिफोनवरच्या मुलीने विचारलं, "कोणता डॉक्टर म्हणालात?" आणि फोन ठेवून दिला. दौलतने एका जवळच्या हृदयरोगतज्ज्ञाकडे नेलं. त्यांनी छातीची सोनोग्राफी केली, हृदय उत्तम आहे, टेन्शन घेऊ नका म्हणाले. दौलतचा जीव भांड्यात पडला. नूतनचा पडला नाही. तिने पर्समधून ते दोन कागद काढून त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी चष्मा लावून पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. हे माझं काम नाही." मुंबईतल्या एका डॉक्टरबाईंचा नंबर त्यांनीच दिला.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या होत्या, आवाज हळू. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. जांघेतून बारीक तारा हृदयापर्यंत न्यायच्या, ती जास्तीची वाट नेमकी कुठे आहे ते शोधायचं आणि तेवढीच जागा जाळून टाकायची. पूर्ण भूल नाही, ती जागीच असणार.

टेबलावर असताना त्या म्हणाल्या, "नूतनताई, आता मी मुद्दाम धडधड सुरू करणार आहे. घाबरू नका, मी इथेच आहे."

आणि ती सुरू झाली. तीच, विहिरीपाशी आलेली. फक्त ह्या वेळी कोणी ओरडत नव्हतं. पडद्यावर रेघा पळत होत्या आणि एक बाई शांतपणे त्या मोजत होती. मग छातीत आत कुठेतरी गरम लागलं. धडधड थांबली. अर्धा तास थांबून त्यांनी ती पुन्हा सुरू करून पाहिली. झाली नाही.

"गेली?" नूतनने विचारलं.

"गेली."

"तेवीस वर्षांपूर्वी हे कळलं असतं?"

डॉक्टरबाईंनी मास्क खाली केला. "साध्या ईसीजीत दिसलं असतं," त्या म्हणाल्या, आणि तिच्या कपाळावर हात ठेवला.

घरी आल्यावर हिरकणीबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. "आम्ही ईसीजी काढायला पाहिजे होता," एवढंच म्हणत राहिल्या. नूतन म्हणाली, "आई, तुला कोणी सांगितलं असतं तर तू काढला नसतास का?" पण तिच्या मनात वेगळंच चाललं होतं. धनेशला सांगायला हवं. कशासाठी, ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. त्याला एवढंच कळावं की फिट नव्हती.

महिनाभराने एका रविवारी ती घोलवडला गेली. बाग तीच होती, घर नवं बांधलेलं. धनेशची बायको शितल अंगणात कपडे वाळत घालत होती. नाव ऐकल्यावर तिने हातातला कपडा परत बादलीत टाकला, मग म्हणाली, "या, बसा. चहा ठेवते." आणि नवऱ्याला बोलावून स्वतः आत गेली. बाहेर आली नाही.

धनेशचे केस बरेच पांढरे झाले होते. तो समोरच्या खुर्चीत बसला.

"फिट नव्हती ती," नूतन म्हणाली. "हृदयाचं होतं. आता बरं झालं."

त्याने खुर्ची थोडी पुढे ओढली. मग म्हणाला, "त्या दिवशी विहिरीपासून घरापर्यंत मी उचलून आणलं होतं तुला. तुझी छाती माझ्या हाताला लागत होती. असं धडधडताना मी कधी काही पाहिलं नव्हतं. मी घरात सांगितलंही. आत्या म्हणाली, फिटमध्ये होतं तसं. मग मी गप्प बसलो."

नूतनला हे माहीत नव्हतं. त्याने उचललं होतं हेही तिला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

"पुन्हा सांगितलं असतंत तर?"

"तर कदाचित कोणी डॉक्टरला बोलावलं असतं." तो पुढे म्हणाला. "पण खरं सांगतो नूतन, लग्नासाठी मी बाबांसमोर उभा राहिलो नसतो. तेवढी हिंमत नव्हती माझ्यात. त्यांनी दुसरं काही कारण काढलं असतं तरी मी ऐकलं असतं."

चहा आला नाही. नूतन उठली. "येते मी," म्हणाली. तो फाटकापर्यंत आला आणि तिथे थांबला.

ती किनाऱ्यावर जाऊन बसली. ओहोटी होती, पाणी लांब गेलं होतं. एवढी वर्षं ज्याची हुरहूर होती तो माणूस आत्ता तिने पाहिला, आणि त्याच्याबद्दल तिला फारसं काही वाटलं नाही. पण चाळीस-पन्नास पावलं तिला हातांवर घेऊन चालणारा, तिचं काळीज हाताने जाणणारा तो तेवीस वर्षांपूर्वीचा मुलगा तिला आजच पहिल्यांदा भेटला होता, आणि तो आता कुठेच नव्हता. ती रडली. रडतानाही ठोके एका लयीत चालले होते; त्याच्या हाताला लागलेली ती धडधडही आता गेली होती, आणि तिला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

दिवाळीनंतर ती स्कूटी शिकली. दौलत मागे धावत होता, मग धावायचा थांबला. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा ती तलासरीला स्कूटीने जाते. जानी मावशीला कधी पाड्यापासून शाळेपर्यंत मागे बसवून आणते. परतताना मात्र ती बोर्डीवरून, समुद्राच्या रस्त्याने येते. घोलवड आलं की वेग कमी होतो. ती थांबत नाही. दोन्ही बाजूंना चिकूच्या बागा आहेत, त्या संपेपर्यंत हळू चालवते.