क्लोव्हिस हॅडिक्सचा अळणी रस्सा

क्लोव्हिस हॅडिक्स आमच्या स्वयंपाकघरात आला तो स्वतःचा एप्रन घेऊन. एप्रनवर त्याचं नाव भरतकामात लिहिलेलं होतं. बहुधा हा माणूस कुठे हरवला तर कुणीतरी घरी आणून सोडावा, म्हणून.

गावात अंत्यविधीचं सगळ्यात मोठं दुकान त्याचं. चर्चमध्ये पुढच्या बाकावर जागा, विटांचं घर, दारात वर्षभर हिरवं राहणारं गवत. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. माझा बर्लकाका गेल्या वसंतात गेला, तेव्हा त्याची शवपेटी क्लोव्हिसनेच विकली, आणि सगळं आटोपल्यावर त्याची नजर आमच्या व्हेस्टाकाकूवर पडली. धंद्यातला माणूस, कुठलंही गिऱ्हाईक अर्ध्यात सोडत नाही.

लग्नाचं विचारल्यावर काकू म्हणाली, "रविवारी नाश्त्याला या. बर्लचं शेवटचं हॅम टांगलंय, ते तुम्ही तळा, त्यावर कॉफीचा रस्सा करा. खाऊन झालं की उत्तर देईन."

ही आमच्या खोऱ्यातली जुनी रीत आहे. विधवेशी लग्न करायचं असेल, तर तिच्या गेलेल्या नवऱ्याने मुरवलेलं हॅम, म्हणजे डुकराची खारवलेली मांडी, शिजवून दाखवायचं. ही रीत कुणी काढली हे कुणालाच माहीत नाही. माझा संशय गेलेल्या नवऱ्यांवर आहे.

मी स्वतः या लग्नाच्या तत्त्वतः विरुद्ध होतो. काकूच्या माडीवर मी फुकट राहायचो, खाली आलो की ताटात गरम पाव आणि तळलेलं हॅम असायचं. काकू विटांच्या घरात गेली, की माझ्या नाश्त्याचं काय, याचा विचार क्लोव्हिसने अजिबात केलेला नव्हता. यावरूनच त्याचा स्वभाव कळतो.

साक्षीदार म्हणून ऑर्व्हिल टॅकेट आला होता. बर्लकाकाचा जिवलग मित्र. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण हॅम कापायच्या दिवशी ऑर्व्हिलला बोलावायची कधी गरज पडलेली नाही. टोपी गुडघ्यावर ठेवून तो टेबलाशी बसला, न्यायाधीश बसतो तसा.

हॅम क्लोव्हिसने शुक्रवारीच 'तयारीसाठी' घरी नेलं होतं. आता त्याने पिशवीतून एक पारदर्शक डबा काढला. आत फिकट गुलाबी चकत्या, एकावर एक, इस्पितळातल्या चादरींसारख्या.

ऑर्व्हिल डब्यावर वाकला. "हे काय आहे?"

"हॅम."

"हे मेव्हिस नाहीये."

बर्लकाका प्रत्येक हॅमला बाईचं नाव ठेवायचा. ही शेवटची मेव्हिस. पहिल्या थंडीत मीठ चोळलेली, धुराच्या खोलीत दोन उन्हाळे घाम गाळलेली, अंगावर हिरवी-पांढरी बुरशी मिरवणारी. जिल्ह्याच्या जत्रेत परीक्षकाने हाडाजवळ सुई खुपसून ती नाकाशी धरली, तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. तो नुसता वास होता.

"वरची घाण साबणाने काढली," क्लोव्हिस म्हणाला. "मग चकत्या करून दोन दिवस पाण्यात ठेवल्या. पाणी अधूनमधून बदललं. केवढं मीठ हो त्यात!"

ऑर्व्हिलने काकूकडे पाहिलं. "वहिनी, यानं तिला आंघोळ घातली."

"ऐकलं मी," काकू म्हणाली आणि पाव ओव्हनमध्ये सरकवले.

"आणि कडेची चरबी?" मी विचारलं.

"काढून टाकली. डॉक्टरांनी सांगितलंय."

"कुठे टाकली?"

"शेजारच्या कुत्र्याला."

"म्हणजे गावात आज एकाचा तरी नाश्ता नीट झाला," ऑर्व्हिल म्हणाला.

आता हे सांगायला हवं, की ती कडेची चरबी तव्यावर सुटते, त्यातच हॅम तळतं, आणि बिडाच्या तव्याच्या बुडाशी जो खरपूस लाल थर धरतो, त्यावर सकाळची उरलेली काळी कॉफी ओतून खरवडतात. दोन उकळ्या. वर लाल तवंग, खाली काळंभोर पाणी. पावावर घातला की तो रस्सा तुम्हाला आधी शिवी देतो, मग मिठी मारतो. चरबी नाही तर तवंग नाही, तवंग नाही तर रस्सा नाही. हे आमच्याकडे कुत्र्यालाही माहीत आहे, आणि आज तर फक्त कुत्र्यालाच माहीत होतं.

क्लोव्हिसने खिशातून तेलाचा फवारा काढला आणि काकूच्या बिडाच्या तव्यावर फुसकन मारला. शोकसभेत फुलांवर पाणी मारतात तसा. चकत्या तव्यात पडल्या. आवाज आला नाही. मेव्हिस जणू डोळे मिटून पडून राहिली. तो चिमट्याने तिला उलटायचा आणि प्रत्येक वेळी हळूच "हं, हं" म्हणायचा, नातेवाइकांचं सांत्वन करतात त्या सुरात. मेलेल्या माणसांत आयुष्य घालवलेल्या या गृहस्थाला मेलेलं डुक्कर मात्र अजिबात हाताळता येत नव्हतं.

"कॉफी शेगडीवर आहे," काकू म्हणाली.

"नको, मी माझी आणलीय." त्याने एक पुडी फाडली. "झोप न उडवणारी. व्हॅनिलाच्या वासाची."

ऑर्व्हिलने टोपी डोक्यावर घातली. मग ती काढून छातीशी धरली.

तव्यात जे तयार झालं त्याला रंग होता, पण कुठला ते सांगता येणार नाही. पुराच्या पाण्यात कुणाचा तरी वाढदिवस झाला असावा, असा वास सुटला. क्लोव्हिसने चौघांना वाढलं, प्रार्थना म्हटली (जरा लांबच, त्याला सवय), आणि काकूकडे बघत बसला. कपाळावर घाम. क्षणभर मला त्याची दया आली. मी पहिला घास घेतला आणि ती गेली.

ऑर्व्हिलने घास तोंडातच ठेवला. गिळला नाही, थुंकला नाही. निषेध नोंदवण्याची ती त्याची पद्धत होती.

काकू खात होती. पाव मोडायची, रश्श्यात बुडवायची, चावायची. चेहऱ्यावर काहीच नाही. ताट संपवून तिने पुढे केलं. "अजून एक चकती आहे का?"

"वहिनी, अपमान करायचा तर तोंडाने करा," ऑर्व्हिल घास गालात सरकवून म्हणाला. "खाऊन कशाला?"

"अळणी आहे," काकू म्हणाली.

क्लोव्हिसची मान खाली गेली. माडीवरच्या माझ्या खोलीचा मनातल्या मनात घेतलेला निरोप मी रद्द केला.

"एकदम अळणी," काकू पुढे म्हणाली. "इतकी वर्षं नाश्ता केला की संध्याकाळपर्यंत पाणी पीत फिरायचे मी. आज एक घोटही घ्यावासा वाटला नाही."

"पण बर्लचं हॅम…" ऑर्व्हिलने सुरुवात केली.

"बर्लचं हॅम सोन्यासारखं होतं, भावजी. मला कोण सांगणार? माझं पित्ताशय काढलं, तेव्हा तो इस्पितळात आला. हातात हात घेतला. म्हणाला, 'व्हेस्टा, धुराच्या खोलीची कडी लावली होतीस ना?' दमट हवा असली की उशी घेऊन तिकडेच झोपायचा. लग्नाच्या वाढदिवसाला मला गालावर थोपटून म्हणाला, 'सुरेख मुरलीयस, इमोजीन.' इमोजीन आधीच्या वर्षीची होती. पंधरा किलोची."

ऑर्व्हिलने घास गिळला.

"वाईट माणूस नव्हता तो," काकू म्हणाली. "पण त्या खोलीत होता, घरात नव्हता. मला असा माणूस हवाय ज्याला हॅममधलं काही म्हणजे काहीही कळत नाही. असा या खोऱ्यात सापडेल असं वाटलं नव्हतं." ती क्लोव्हिसकडे वळली. "तुम्हाला खरंच काही कळत नाही ना?"

इथे शहाणा माणूस 'नाही' म्हणाला असता. क्लोव्हिस ताठ बसला. "माझं चुकलं, व्हेस्टा. पण मी शिकेन. ऑर्व्हिल शिकवतील. घरामागे धुराची खोलीसुद्धा बांधून घेतो, म्हणजे दर थंडीत आपण…"

काकूचा चेहरा पांढरा पडला. ऑर्व्हिलचा उजळला.

"विटांची बांध," ऑर्व्हिल घाईघाईने म्हणाला. "वारा खेळता हवा. मी उद्याच येतो माप घ्यायला. मीठ किती लागतं ते…"

"भावजी, गप्प बसा," काकू म्हणाली. मग दोन्ही हात टेबलावर ठेवून क्लोव्हिसला, एकेक शब्द सुटा करून: "तुम्ही शिकलात, तर माझं उत्तर नाही."

"आणि नाही शिकलो तर?"

"तर हो."

क्लोव्हिसने ताटातल्या त्या रश्श्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यातल्या अज्ञानाला कुणीतरी भाव दिला होता, आणि तो त्याला परवडेल की नाही याचा हिशेब तो करत असावा. ऑर्व्हिल टेबलाखालून त्याच्या बुटावर बूट मारत होता.

"नाही शिकत," क्लोव्हिस म्हणाला.

"कधीच?"

"कधीच. रस्सासुद्धा नाही."

"मग वाढा," काकू म्हणाली, आणि त्याने उरलेली चकती तिच्या ताटात अशी काही घातली, की निम्मी टेबलावरच पडली.