पतंगांचं कपाट

मावशीने कपाट उघडलं, इस्त्रीच्या चादरींची चळत एका हाताने उचलून धरली आणि मागे दडवलेला जुना लॅपटॉप भाचीला दाखवला. त्याची बिजागरी तुटली होती, म्हणून झाकण भिंतीला टेकवलं होतं. एक निळी वायर उशांच्या अभ्र्यांमधून वाट काढत राउटरपर्यंत गेली होती.

"हा तुझा सर्व्हर?" भाचीने विचारलं.

"हसू नकोस. लिनक्स मी स्वतः घातलंय त्यात. दोनदा बिघडवून तिसऱ्यांदा."

भाची हसलीच. एका मोठ्या हॉस्पिटलची कॉम्प्युटरची खोली ती सांभाळायची, तिथली यंत्रं थंडगार काचेमागे राहायची. मावशीनेही सगळा जन्म हॉस्पिटलातच काढला होता, पण तळमजल्यावरच्या लॅबमध्ये, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून. निवृत्त झाल्यावर शांत बसेल तर ती मावशी कसली. गच्चीवर पांढरी चादर टांगून, तिच्यामागे दिवा लावून ती रोज संध्याकाळी उजेडावर झेपावणाऱ्या पतंगांचे फोटो काढायची. आणि ते फोटो कुठल्याशा कंपनीच्या ताब्यात द्यायचे नाहीत, असं डोक्यात घेऊन तिने हा घरचा उद्योग मांडला होता.

"आता बोल. काय झालंय?"

"सगळे गेले." मावशी पलंगाच्या काठावर बसली. "आधी वीसेक चढवले होते, ते दिसतात. मग जुन्या डिस्कवरचे सगळे घातले, तर त्यातला एक दिसेल तर शपथ."

"वेबपानावरून चढवलेस, की थेट फोल्डरमध्ये ओतलेस?"

"ओतले. एकेक करत बसले असते तर माझं म्हातारपण त्यातच गेलं असतं."

"मग कुठेही गेलेले नाहीत. आहेत तिथेच आहेत. पण तू परस्पर ओतलेस, त्यामुळे या प्रोग्रामला त्यांचा पत्ताच नाही. त्याने एकदा स्वतः मोजदाद केली की झालं."

"डोळ्यांसमोर आहेत तरी दिसत नाहीत?"

"नाही."

"माणसाची जात दिसते मेल्याची," मावशी पुटपुटली.

भाचीने लॅपटॉप मांडीवर ओढला. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत तिने एक ओळ टंकली, मग थांबली. "मावशी, या फोल्डरची लिंक तू कोणाला तरी दिलीयेस. आणि त्याला फाइल टाकायचीही परवानगी आहे. चुकून दिलीस का?"

"मुद्दाम."

"कोणाला?"

मावशीने पलंगावरची न पडलेली सुरकुती सरळ केली. "तुझ्या मामाला."

भाचीने मान वर केली नाही. मामाचं नाव या घरात निघत नसे. तो दूरदेशी. आजी गेली तेव्हा त्याने विमानतळावरून फोन केला होता, तिकीट मिळालंय म्हणून. आजारपणाचे सगळे महिने एकटीने काढलेल्या मावशीने एवढंच म्हटलं, "आता येऊ नकोस." राग होता, दुसरं काही नव्हतं. पण त्याने तिचा शब्द पाळला. त्यानंतर दोघांनीही तोंडात मिठाची गुळणी धरली, ती इतकी वर्षं.

"महिना झाला लिंक पाठवून," मावशी म्हणाली. "'सगळे पतंग इथे आहेत', एवढंच लिहिलं. आणि आत वीसच. त्याला वाटलं असेल, काय चेष्टा लावलीय. म्हणूनच उत्तर नाही आलं. तू ते सगळे दिसतील असं कर बाई."

भाचीने एंटर दाबलं.

क्षणभर काहीच झालं नाही. मग काळ्या खिडकीच्या तळाशी एका फोटोचं नाव उमटलं, त्याच्याखाली दुसरं, आणि बघता बघता नावांचा लोंढा वर सरकायला लागला. जळकं पान. मिशीवाला. खडूस. फुटकी बशी. हेडमास्तर. खडूसची बायको. आजोबांचा कोट. भाची वाचायला जायची तोवर नाव वर निघून गेलेलं असायचं. ओळी थांबायचं नाव घेईनात. मावशी कधी उठून तिच्या खांद्यामागे येऊन उभी राहिली ते दोघींनाही कळलं नाही.

भाचीने वेबपान उघडलं. पडदाभर पंख होते. एकावर चिरलेल्या लाकडाच्या रेषा. एकाच्या पाठीवर दोन डोळे, आपल्याकडे रोखून पाहणारे. एक इतका पांढरा की चादरीवर त्याची फक्त सावली दिसत होती. ती खाली खाली जात राहिली आणि तळ काही लागेना. हलक्या आवाजात तिने विचारलं,

"हे सगळे आपल्या गच्चीवर आले?"

"दिवा लावला की येतात. आपलं लक्ष नसतं एवढंच." मावशीचाही आवाज खाली आला होता. एकेक करून काढलेले होते ते तिने, पण सगळे एकत्र तिनेही कधी पाहिले नव्हते. "लहानपणी चादर मी बांधायचे आणि दिवा तो धरायचा. नाव मात्र मीच द्यायचं, असा नियम. 'दिवा जवळ आण' म्हणायचे मी, की तो श्वास रोखून उभा."

भाचीने मोबाइल काढला. "मामाला दिसतं तसं बाहेरून बघू." घरचं वाय-फाय बंद करून तिने तीच लिंक उघडली आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. पतंग नव्हते, फोल्डरही नव्हता. कोऱ्या पानावर एकच वाक्य होतं: या पत्त्यावरून प्रवेश नाही.

"असं का म्हणतंय ते?" मावशीने विचारलं.

भाचीने सेटिंगची फाइल उघडली. कोणत्या पत्त्याने आलेल्याला आत घ्यायचं, त्याची यादी तिथे होती. यादीत घरातल्या घरात चालणारा आकडी पत्ता तेवढा होता. बाहेरच्या जगासाठी घेतलेलं नाव मावशी लिहायला विसरली होती. स्वतः घरातूनच बघायची, त्यामुळे तिला कधी कळलंच नाही.

"म्हणजे त्याला वीसही दिसले नाहीत?"

"उघडून पाहिलं असेल तर हेच वाक्य दिसलं असणार."

"पाहिलं असेल का पण?"

दारावर कोण कोण येऊन गेलं ते सर्व्हर टिपून ठेवतो. भाचीने ते काढलं. बहुतेक भटके प्रोग्राम होते, दिसेल त्या दाराची कडी वाजवून पाहणारे. पण मधूनच एक ओळ येत होती, त्याच लांबलचक लिंकची, जी दुसऱ्या कोणाला ठाऊक असणं शक्य नव्हतं. ओळीच्या टोकाला नकार. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच ओळ, पुन्हा नकार. तिसऱ्या दिवशीही.

"रोज आलाय गं," भाची म्हणाली. "महिनाभर. रोज."

मावशी परत पलंगाच्या काठावर बसली. रोज तो येत होता आणि रोज तिच्या घराच्या दारातून त्याला तेच ऐकवलं जात होतं. आणि ती इथे बसून, त्याचं काळीज दगडाचं आहे म्हणून डोळे पुसत होती.

"आज?"

भाचीने शेवटच्या ओळी पुन्हा तपासल्या. मग म्हणाली, "आज नाही. कालही नाही. परवाचं शेवटचं."

तिने यादीत ते नाव घातलं, मोबाइलवर लिंक पुन्हा उघडली. पंख दिसले. पण मावशीचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने उशीखालचा फोन घेतला, चष्मा नाकावर चढवला. एक मोठा निरोप लिहिला आणि पुसून टाकला. दुसरा लिहिला, तोही पुसला. शेवटी एकच शब्द पाठवला: ये.

भाचीने चहा केला. दोघी काळ्या खिडकीपुढे बसल्या. भटके प्रोग्राम येत होते, जात होते. चहावर साय धरली.

"कामात असेल," भाची म्हणाली.

"असेल."

तेवढ्यात ती लांबलचक ओळ उमटली. या वेळी टोकाला नकार नव्हता. मावशीने भाचीचा दंड घट्ट धरला. ओळींमागून ओळी आल्या: जळकं पान उघडलं, हेडमास्तर उघडला, खडूस उघडला. खडूसवर तो बराच वेळ थांबला. मग सगळंच थांबलं.

"गेला?" मावशीने विचारलं.

भाची उत्तर देणार तोच फोल्डरमध्ये एक नवी फाइल पडली. पांढरं कापड, कोपऱ्यात कपड्याचा चिमटा, आणि मधोमध फिकट हिरवा, लांब शेपटीचा पतंग, असला या गच्चीवर कधीच आला नव्हता. फाइलला नाव दिलं होतं: याला काय म्हणायचं.

लगेच दुसरी पडली: आणि याला. तिसरी: आणि याला. चौथी, पाचवी, मग मोजता येईनात. काळे, सोनेरी, राखाडी, परक्या देशाच्या पांढऱ्या चादरीवर बसलेले, वर्षावर्षांचे. त्याने एकाचंही नाव ठरवलं नव्हतं.

मावशीचे डोळे वाहत होते, तिने वाहू दिले. "सरक जरा," ती भाचीला म्हणाली आणि लॅपटॉप आपल्या मांडीवर घेतला. हिरव्याकडे तिने खूप वेळ पाहिलं, लॅबमध्ये काचपट्टीकडे पाहायची तसं. मग प्रश्न पुसून एका बोटाने, सावकाश, तिने लिहिलं: शेपटीवाला नवरदेव.

काळ्या खिडकीत लगेच ओळ उमटली. नव्या नावानिशी त्याने तो तिकडे उघडला होता.

मावशीने दुसरा घेतला.